रायफल पार्सलने पाठवताय? आधी पॅकिंग नीट करा

सगळ्यात आधी कायदा आणि कुरिअरवाल्याचे नियम बघा, बऱ्याच कंपन्या फक्त लायसन्सवाल्या डीलरकडूनच बंदूक घेतात. मग मॅगझिन (काडतुसांचा डबा) काढा, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) उघडा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, काही राहिलं नाही ना ते डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही चेक करा. काडतुसं त्याच पार्सलात अजिबात नको.

आता पॅकिंग. रायफल मोडते ती बहुतेक वेळा दस्त्याच्या (खांद्याला टेकवायच्या लाकडी भागाच्या) मानेशी, म्हणजे ट्रिगरच्या मागे जिथे लाकूड बारीक होतं तिथेच, कारण खोका आपटला की दोन्हीकडचं वजन तिथे येतं आणि लाकडाचे रेशे तिरके असतील तर मग संपलंच. म्हणून जमत असेल तर नळी आणि दस्ता वेगळे करा, बोल्ट काढून वेगळा गुंडाळा, स्कोप (नेम धरायची दुर्बीण) पण उतरवलेला बरा. नळीच्या तोंडावर जाड पुठ्ठा आणि फोम लावा, नाहीतर ती खोक्याच्या टोकातून भोक पाडून बाहेर येते, खरंच येते!

धातूला तेलाचा पातळ हात द्या, नुसता फोम चिकटून राहिला तर ओल धरतो आणि गंज चढतो. हार्ड केसमध्ये घाला आणि ती केस साध्या जाड खोक्यात, बाहेर बंदुकीचं नाव किंवा चित्र नको. खोका हलवून बघा, आत काही सरकलं तर परत उघडा आणि भरा. फोटो, सिरियल नंबर, इन्शुरन्स हे टेप मारायच्या आधीच उरका.