ग्रामसभेत सीट बेल्टचा ठराव मांडायचाय?

सीट बेल्टची सक्ती असावी का, हे स्वित्झर्लंडने ३० नोव्हेंबर १९८० ला थेट मतदारांना विचारलं आणि ५१.६ टक्के होकारावर कायदा कसाबसा तगला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १९८६ साली लोकांनी मत देऊन तिथला असा कायदा रद्दच केला. १९९४ मध्ये कायदा परत आला, तेव्हा मात्र मतदारांनी राखला. आपल्याकडे हा प्रश्न मताला टाकायची सोयच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ब लागू आहे: चालकाने बेल्ट लावला नाही किंवा बेल्ट न लावलेले प्रवासी नेले तर १००० रुपये, चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्टविना नेलं तरी तेवढेच. तेव्हा जावळी, पाटण नाहीतर वाळव्याच्या ग्रामसभेत ‘सक्ती हवी की नको’ म्हणून हात वर करायला लावण्यात अर्थ नाही. दारूबंदीसाठीच्या उभी बाटली-आडवी बाटलीच्या मतदानाला शासनाच्या नियमाचा आधार असतो, इथे तो नाही. बेल्टचा दंडही ग्रामपंचायतीच्या हातात नाही, तो पोलीस आणि आरटीओचा.

ठराव गावाच्या हातातल्या कामाचा करा. उदाहरणार्थ: ‘गावातून मुलांना शाळेत नेणाऱ्या प्रत्येक व्हॅनचे बेल्ट दोन पालक प्रतिनिधी जूनच्या पहिल्या आठवड्यात तपासतील आणि यादी शाळेच्या परिवहन समितीला देतील.’ कोण, काय, कधी हे तिन्ही त्यात हवं. ‘जनजागृती करण्यात यावी’ एवढंच लिहिलं की ठराव वहीतच राहतो.

विषयाचं पत्र ग्रामसभेची नोटीस निघण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) द्या आणि पोच घ्या. विषयपत्रिकेवर नाव नसेल तर तो ‘ऐनवेळचे विषय’ यात ढकलला जातो, आणि तोवर निम्मं गाव उठलेलं असतं. सूचक-अनुमोदक आधीच ठरवा. कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला कमी आकडा. ग्रामसभेआधीच्या महिला सभेत विषय जरूर घ्या. व्हॅनमध्ये मुलं कशी कोंबतात हे आयांना जास्त ठाऊक असतं. इतिवृत्तात ठराव शब्द न बदलता आलाय ना हे पाहून सहीशिक्क्याची प्रत मागा.

तपासणी करणाऱ्यांनी गाडी सपाट जागी लावावी. घाटाखालच्या गावांत इथेच फसगत होते: तीव्र चढावर उभ्या गाडीत पट्टा गुंडाळणारं रीळ आपोआप अडकतं आणि चांगला बेल्ट बिघडलाय असं वाटतं. पट्टा सावकाश पूर्ण ओढून कडा उसवल्यात का बघा, मग झटका द्या. तिथल्या तिथे अडकला पाहिजे. खटका बसल्यावर ओढून निघता कामा नये. पट्टा आळसावून परत जात असेल तर बहुधा खांद्याजवळच्या कडीत धूळ बसलेली असते. साबणाच्या कोमट पाण्याने पुसा आणि सावलीत वाळवा; ब्लीच नको, धागा कमजोर होतो. जोराच्या अपघातात ताणलेला पट्टा मात्र बदलायचाच, दिसायला धड असला तरी.

मागच्या सीटचे बेल्ट ‘नाहीतच’ असं सांगितलं जातं तेव्हा बहुतेकदा ते सीट कव्हरखाली दबलेले असतात. कव्हर उसवा, खटके वर काढा. अलार्म बंद करायला खटक्यात अडकवलेली नुसती क्लिप दिसली तर काढून टाका. मागच्या सीटवर बेल्ट कशाला, असं कोणी म्हणालंच तर सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले तेव्हा ते मागच्याच सीटवर बेल्टविना होते, एवढं सांगा.

लावताना खालचा पट्टा पोटावर नव्हे, कमरेच्या हाडांवर; गरोदर बाईचा पोटाखालून. वरचा खांद्याच्या मधोमध, काखेखालून नाही, नाहीतर धक्का बरगड्यांवर येतो. पट्टा पदराच्या आतून घ्यावा, म्हणजे सैल राहत नाही. मूल मांडीवर घेऊन दोघांभोवती एकच बेल्ट कधीच नको, मोठ्या माणसाचं वजन मुलावर पडतं.

आढळलेली खोट व्हॅनच्या नंबरासह लिहा, दुरुस्तीची तारीख चालकाकडून सही करून घ्या आणि पुढच्या ग्रामसभेच्या पत्रिकेत ‘मागील ठरावावरील कार्यवाही’खाली ती यादी लावा.