भाजावळीतल्या फांद्यांचा कोळसा करा: कोकणातल्या लाल मातीसाठी बायोचार

बायोचार म्हणजे मातीत पुरण्यासाठी केलेला कोळसा. लाकूड मोकळ्या हवेत जळलं की शेवटी राख उरते. हवा तोडली तर त्यातला बराचसा कार्बन कोळसा होऊन मागे राहतो, आणि मातीत तो शेकडो वर्षं कुजत नाही. एवढं शास्त्र कामाला पुरतं.

मी लांजा तालुक्यातली. आंबा-काजूची थोडी कलमं, खाली मळ्यात भात, विहिरीपाशी भाजी. माती जांभ्याची, आंबट. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि जूनमध्ये घातलेलं खत गणपती येईपर्यंत ओढ्याने खाडीला जातं. बायोचारचा खरा उपयोग अशाच जमिनीत आहे, कारण कोळशाच्या बारीक छिद्रांत पाणी आणि अन्नद्रव्यं धरून राहतात आणि त्याचा अल्कधर्म मातीचा आंबटपणा थोडा उतरवतो. जगभरच्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात उष्ण कटिबंधात उत्पन्न सरासरी २५ टक्के वाढलेलं दिसलं, थंड देशांत मात्र काहीच फरक नाही. उष्ण कटिबंधातल्या बऱ्याच जमिनी आम्लधर्मी आणि निकस, हे त्याचं मोठं कारण.

म्हणून आधी माती तपासून घ्या. सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप) सहाच्या खाली असेल तर बेधडक करा. माझी नणंद अकोल्याकडे असते, तिची काळी, चुनखडीची जमीन, सामू आठाच्या घरात. तिला मी सांगितलं, तू शेणखतच घाल. कोळसा घालायचाच तर कंपोस्टच्या खड्ड्यात थोडा.

आमच्याकडे भाताच्या तरव्यासाठी (रोपांच्या वाफ्यासाठी) राब भाजतात, हीच भाजावळ. कवळ (तोडलेल्या पाल्याच्या फांद्या), पातेरा (गळलेला पाला), शेण, गवत थराने रचून पेटवायचं. तण मरतं, राखेने रोपं तरारून येतात, हे कोणी नाकारत नाही. पण कार्बन जवळपास सगळा धुरावाटे जातो आणि ती राख पहिल्या दोन-चार पावसांत धुऊन निघते. त्याच फांद्यांचा कोळसा केला तर तो जागेवर राहील.

काय जाळायचं

आंबा-काजूच्या छाटणीच्या आणि वाळून पडलेल्या फांद्या, करवंट्या, बांबूचे तुकडे, झावळ्यांचे दांडे, गिरिपुष्पाच्या काठ्या (पाला कंपोस्टला). मनगटापेक्षा जाड काही नको, आणि फांदी वाकवली की कट्‌कन मोडली पाहिजे. ओली असेल तर आणखी महिनाभर वाळू द्या. पातेरा जाळू नका, तो कलमांच्या बुडाशी आच्छादनाला सोन्यासारखा. प्लायवूड, रंगवलेलं लाकूड, प्लास्टिकची सुतळी बांधलेल्या मोळ्या बाजूला ठेवा. काजूची टरफलं तर मुळीच नकोत. त्यात अंगाला फोड आणणारं तेल असतं, धूर डोळ्यांना आणि घशाला सोसत नाही. आणि कृपा करून ऐन-किंजळाच्या उभ्या झाडावर कोयता घालू नका. त्यासाठी झाड तोडायचं असेल तर हा उद्योगच नको.

खड्डा आणि आग

वर चार फूट रुंद, तळाला दीड फूट, अडीच फूट खोल, असा उतरत्या बाजूंचा खड्डा खणा. उतार महत्त्वाचा, सरळ भिंतीच्या खड्ड्यात आग कोपऱ्यांत धुमसते. जिथे कातळ लागतो तिथे पत्र्याचं उभट पिंप चालतं, पण खड्डा फुकटचा.

काम पौष-माघात करा, पहाटे वारा पडलेला असताना. भोवतालचं गवत पंधरा-वीस फूट कापून, झाडून घ्या आणि दोनशे लिटरचं भरलेलं पिंप शेजारी असल्याशिवाय काडी ओढू नका. वणव्यात किती बागा जातात हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

तळाशी काटक्यांची उभी-आडवी चौकट रचा आणि वरून पेटवा. खालून पेटवली तर धूर, वरून पेटवली तर ज्वाळा, आणि सगळं गुपित त्या ज्वाळेत आहे. वरची ज्वाळा हवेतला प्राणवायू खाऊन टाकते, त्यामुळे खालचे निखारे जळून राख होत नाहीत, आणि लाकडातून निघणारा वायूही तीच जाळून टाकते. निखाऱ्यांवर पांढरी राख दिसायला लागली की पातळ नवा थर टाका. घाईने जाड थर टाकलात तर ज्वाळा गुदमरते. उशीर केलात तर राख होते. दोन-तीन तास हेच करायचं, खड्ड्याजवळून हलायचं नाही. माझे दीर म्हणतात, "वहिनी, याच्यापेक्षा राब सोपा." सोपा आहेच.

धूर आला की नवा थर टाकायचं थांबा. धुरातून मिथेनही जातो, आणि तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त तापवतो. धुराने भरलेला खड्डा करून हवामान वाचवतोय म्हणण्यात अर्थ नाही.

शेवटचा थर निखारा झाला की विझवायचं. पाणी कडेने, हळूहळू, झारीने. वाफ अंगावर येते, म्हणून वारा जिकडे वाहतोय त्या बाजूला उभं राहू नका. निम्म्या पाण्यात गोमूत्र किंवा शेणाची स्लरी मिसळलीत तर कोळशात खत भरायचं काम तिथेच सुरू होतं. पाणी कमी असेल तर वरून चिखलमाती लिंपून हवा पूर्ण बंद करा. दुसऱ्या दिवशी फावड्याने खालपर्यंत उलथून बघा, मधेच एखादा निखारा जिवंत असतो आणि तो गोणीत भरला तर गोठा पेटू शकतो.

चांगला कोळसा हलका, एकमेकांवर आपटला की खणखण वाजतो, मोडला तर आतपर्यंत काळा. हाताला लागलेलं काळं साध्या पाण्याने निघालं पाहिजे. साबण लागला तर त्यात डांबर राहिलंय, तो पुढच्या आगीत टाका. शंभर किलो सुक्या लाकडामागे वीस-पंचवीस किलो मिळतो.

भाताचं तूस असेल तर खड्डा लागत नाही. भोकं पाडलेल्या डब्यात विस्तव ठेवायचा, डब्यावर पत्र्याचा नळकांडा उभा करायचा आणि भोवती तुसाचा ढीग. तूस आतून बाहेर काळं पडत येतं, मधूनमधून खालीवर करायचं आणि पांढरं व्हायच्या आत पाणी मारायचं. चारसूत्री भातलागवडीत तरव्याच्या वाफ्याला चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख सांगितली आहे, ती हीच. तुसातली सिलिका रोपाला ताठ करते. राबाला यापेक्षा चांगला पर्याय मला माहीत नाही.

कोरडा घालू नका

लोक इथेच फसतात. ताजा कोळसा थेट शेतात टाकला तर तो मातीतलं नत्र स्वतःकडे ओढून धरतो आणि पहिल्या हंगामात पीक पिवळं पडतं. कोरडा कोळसा म्हणजे रिकामी चाळ, भाडेकरू आपणच आणून भरायचे.

आधी ओला करा, म्हणजे धूळ उडणार नाही. तोंडाला फडकं बांधा, गोणपाटात घालून बडवा. वाटाण्याएवढे तुकडे कलमांना, मसुराएवढे भाजीला. मग एक घमेलं कोळशाला तीन घमेली कुजलेलं शेणखत, वर गोमूत्र किंवा जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं पाणी), मूठ दाबली तर ओल लागेल इतपत. सावलीत गोणपाट झाकून तीन आठवडे, आठवड्याला एकदा परतून. घाई असेल तर गोबरगॅसच्या स्लरीत रात्रभर भिजवलेला चालतो, पण तीन आठवडे ते तीन आठवडेच.

पुस्तकी मात्रा हेक्टरी पाच-दहा टन, म्हणजे गुंठ्याला पन्नास ते शंभर किलो. एवढा कोळसा घरच्या फांद्यांतून निघत नाही. म्हणून पसरू नका, मुळाशी घाला. नेपाळमधल्या एका भोपळ्याच्या प्रयोगात (तो २०१५ साली प्रसिद्ध झाला) गोमूत्रात भिजवलेला कोळसा हेक्टरी फक्त साडेसातशे किलो, तोही मुळाशी दिला. उत्पन्न नुसतं गोमूत्र दिलेल्या भोपळ्यांच्या चौपट आलं. चौपट वाचून हुरळून जाऊ नका, तो एका पिकाचा, एका जागचा निकाल. पण मुळाशी द्यायची कल्पना घेण्यासारखी आहे.

मी काजूच्या नव्या कलमाला दोन बाय दोन फुटांच्या खड्ड्यात वरच्या मातीबरोबर घमेलंभर मिश्रण घालते. मोठ्या आंब्याला फांद्यांच्या टोकांखाली वीतभर खोल चर काढून. भोपळा, पडवळ, भेंडीला आळ्यात दोन-तीन मुठी. नुसता वर टाकू नका, पहिल्या सरीत तरंगत निघून जातो. मातीत मिसळा आणि वर पातेरा पसरा. दरवर्षी त्याच जागी परत घालावा लागत नाही, हा या खटपटीतला सगळ्यात मोठा आराम.

आता हवामानाचं. २०१८ च्या आयपीसीसी (संयुक्त राष्ट्रांची हवामानाची समिती) अहवालात हवेतला कार्बन काढून घेण्याच्या उपायांत बायोचार आहे. हिशोब ढोबळ असा: लाकडी कोळशाच्या एका किलोत साधारण अडीच किलो कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन अडकतो. वरच्या मापाच्या खड्ड्यातून पन्नास किलो कोळसा निघाला तर सव्वाशे किलो. मोटारसायकलच्या पन्नासेक लिटर पेट्रोलमधून निघतो तेवढा.

हे ऐकून गावात कार्बन क्रेडिटवाले येतात, म्हणजे असा अडकवलेला कार्बन मोजून त्याचे पैसे देऊ म्हणणारे. क्रेडिट खरंच मिळतं, पण वजन, ओलावा, धूर, कोळसा कुठे पुरला, हे सगळं तपासून, आणि पाच-पंचवीस शेतकऱ्यांचा गट असला तरच खर्च परवडतो. आधी नोंदणी फी मागणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. स्वतः मात्र वही ठेवा: तारीख, कुठलं लाकूड, कोळसा किती घमेली, कुठल्या झाडाला घातला. मोबाइलवर खड्ड्याचा फोटो. आणि दोन-तीन कलमं मुद्दाम कोळशाशिवाय सोडा, म्हणजे फरक पडला की नाही हे दुसऱ्या कुणाला विचारावं लागणार नाही.