गाडीच्या स्टिरिओला पेनड्राइव्ह ओळखता येत नसेल तर

गाडीत कंपनीनेच बसवलेल्या स्टिरिओला पेनड्राइव्ह जोडूनही गाणी दिसत नसतील, तर स्टिरिओ बिघडला असे मानण्यापूर्वी पेनड्राइव्हचे फॉरमॅट, म्हणजे त्यावर फायली साठवण्याची पद्धत, संगणकावर तपासावे. बरेचसे स्टिरिओ, विशेषतः काही वर्षांपूर्वीचे, केवळ फॅट३२ हेच फॉरमॅट ओळखतात. ६४ जीबी किंवा त्याहून मोठे पेनड्राइव्ह मात्र बहुधा एक्सफॅट या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये येतात, म्हणून ३२ जीबीपर्यंतचा पेनड्राइव्ह घेणे मला सर्वांत सोयीचे वाटते. फॉरमॅट बदलून फॅट३२ करताना पेनड्राइव्हवरील सर्व काही पुसले जाते, त्यामुळे गाण्यांची प्रत आधी संगणकावर जरूर काढून ठेवावी.

गाणी एमपी३ स्वरूपात असावीत. काही स्टिरिओ फायली नावानुसार न लावता त्या ज्या क्रमाने पेनड्राइव्हवर उतरवल्या त्याच क्रमाने वाजवतात. अशा वेळी एखाद्या मैफलीतील विलंबित ख्यालाआधीच द्रुत बंदिश सुरू होते आणि रसभंग होतो. ते टाळण्यासाठी फायलींच्या नावांआधी ०१, ०२ असे आकडे घालून त्या त्याच क्रमाने एकेक करून उतरवाव्यात. इतके करूनही आवाज आला नाही, तर वापरलेले यूएसबी पोर्ट केवळ मोबाइल चार्ज करण्यापुरतेच नाही ना, हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे.