कॉलेजमधल्या कर्मचाऱ्यांच्या तक्रारी: कागद कुठून काढायचे, अर्ज कसा हाताळायचा

अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि आता रजिस्ट्रार आहे. मधली बरीच वर्षं आस्थापनेचं, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सेवाविषयक कागदांचं, टेबल माझ्याकडे होतं. त्या टेबलावर बसणाऱ्याला कॉलेजमधलं प्रत्येक भांडण कधी ना कधी कागदावर दिसतं. कुणाची रजा नाकारली जाते, कुणाची कॅसची (शिक्षकांच्या पदोन्नती योजनेची) फाइल अडते, कुणाला महिन्यात दुसऱ्यांदा कारणे दाखवा नोटीस निघते. नव्याने प्राचार्य, रजिस्ट्रार किंवा अंतर्गत तक्रार समितीच्या अध्यक्ष झालेल्यांसाठी हे लिहिते आहे. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. भेदभाव होतोय का हे बघायचं असेल तर तास, कामं, रजा आणि संधी कुणाच्या वाट्याला किती आल्या ते आधी तपासा, आणि त्यासाठी तक्रार यायची वाट बघू नका.

सत्र सुरू होण्याआधीची तपासणी

दर सत्राच्या आधी मी वेळापत्रक, सुपरव्हिजनचा तक्ता, समित्यांची यादी आणि रजा रजिस्टर एकत्र घेऊन बसते. एकेकटा कागद निर्दोष दिसतो. चारही शेजारी ठेवले की नावं पुन्हापुन्हा त्याच जागी दिसायला लागतात. सांस्कृतिक समिती, पाहुण्यांचं स्वागत, सूत्रसंचालन या कामांत सगळ्या प्राध्यापिका. खरेदी समिती, परीक्षा विभाग आणि विद्यापीठाच्या बैठका मात्र सगळ्या पुरुषांकडे. हे कुणी ठरवून केलेलं नसतं, मागच्या वर्षीची यादी तशीच टाइप झालेली असते. पण पदोन्नतीच्या वेळी प्रशासकीय आणि परीक्षेच्या कामाचे पुरावे मागितले जातात, आणि जिला दरवर्षी फक्त स्वागत समिती मिळाली तिच्याकडे दाखवायला काहीच नसतं. म्हणून समित्यांना आळीपाळी लावा. कुणाला सलग तिसऱ्या वर्षी तीच समिती द्यायची असेल तर विभागप्रमुखांकडून कारण लेखी घ्या. कारण लिहावं लागतंय म्हटल्यावर बऱ्याच याद्या आपोआप बदलतात.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांकडे याहून जास्त लक्ष द्या, कारण तिकडे कुणी बघत नाही. शिपाई म्हणून नेमलेल्या चार जणांपैकी स्वच्छतागृहाचं काम नेहमी एकाच्याच गळ्यात का पडतं? प्रत्येकाचा नेमणूक आदेश काढा, त्यातलं पदनाम वाचा, आणि त्या माणसाला प्रत्यक्ष कोणतं काम दिलंय ते शेजारी लिहा. राखीव प्रवर्गातून आलेला लिपिक वर्षानुवर्षं आवक-जावकलाच बसतोय आणि कॅशबुक किंवा वेतनाचं काम त्याला शिकवलंच गेलेलं नाही, असं दिसलं तर तो निव्वळ योगायोग आहे असं धरून चालू नका. कामाची फेरवाटणी करणं प्राचार्यांच्या अधिकारातलं आहे. त्याला कुणाच्या तक्रारीची गरज लागत नाही.

तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांची नावं वेगळ्या रंगात करा. पुढच्या वर्षी बोलावतील की नाही या धास्तीने ते तक्रार करत नाहीत, आणि नको असलेले तास त्यांच्याच माथी मारले जातात. लैंगिक छळविरोधी कायदा २०१३ चा आहे आणि त्यातली कर्मचाऱ्याची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवलेली आहे. हंगामी, कंत्राटी, रोजंदारीवरचे, प्रशिक्षणार्थी, एजन्सीमार्फत आलेले, अगदी विनावेतन काम करणारेही त्यात येतात. त्यामुळे एजन्सीच्या सफाई कामगार बाईंची तक्रार ‘तुमच्या ठेकेदाराकडे करा’ म्हणून परत पाठवता येत नाही.

मुलाखतींबद्दल थोडक्यात. प्रश्न आधी ठरवा, सर्वांना तेच विचारा, गुण त्याच दिवशी सहीसह बंद करा. लग्न, गरोदरपण, मुलं, नवऱ्याची नोकरी, आडनावावरून गाव हे विषय समितीतल्या कुणी काढले तर तिथल्या तिथे थांबवा. बिंदुनामावली, म्हणजे कोणतं पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव याची नोंद, जाहिरातीच्या आधी तपासून घ्या.

दिव्यांगांच्या बाबतीत अनुदानित संस्थांमध्ये एक गैरसमज ठाण मांडून बसलाय की शासकीय आस्थापनांचे नियम आपल्याला नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या शासकीय आस्थापनेच्या व्याख्येत शासनाचं अनुदान घेणारी संस्थाही येते. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचा दर्जाही उतरवता येत नाही. ते पद झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसऱ्या पदावर सामावून घ्यायचं असतं. तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो, आणि समान संधी धोरण लिहून जाहीर करायचं असतं. प्रत्यक्षात बहुतेक मागण्या लहान असतात. अपघातानंतर जिना चढता न येणाऱ्या प्राध्यापकाचे सगळे तास तळमजल्यावर आणायला दोन वर्गांची अदलाबदल पुरते. ‘एकाला दिलं की सगळे मागतील’ हे उत्तर कायद्यात बसत नाही.

अर्ज हातात आल्यावर

तक्रार कोणत्या वाटेने जाणार हे पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं. वेतन, ज्येष्ठता, रजा, वर्कलोड या सेवाविषयक गाऱ्हाण्यांसाठी विद्यापीठ कायद्याखालची तक्रार निवारण यंत्रणा आहे. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडेच जाते. ती आधी प्राचार्यांनी ‘प्राथमिक शहानिशा’ करून बघण्याचा प्रकार बंद करा. जातीवरून अपमान झाला असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. कॉलेजने स्वतःची चौकशी करावीच, पण पोलिसांकडे जाण्याचा तक्रारदाराचा हक्क त्या चौकशीने संपत नाही आणि तसं सूचित करणारं एक वाक्यही तुमच्या तोंडून जाऊ नये. तृतीयपंथी कर्मचाऱ्यांसाठी २०१९ च्या कायद्याने प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी सांगितलाय. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत २०१७ च्या एचआयव्ही कायद्याखालीही तक्रार अधिकारी लागतो. ही नावं सूचना फलकावर आहेत का, एकदा जाऊन बघा.

पुष्कळदा एकाच अर्जात दोन धागे असतात. प्रयोगशाळेतल्या परिचर बाई सांगतात की सर अंगचटीला येतात आणि विरोध केला की जातीवरून बोलतात. त्यांना ‘यातली नक्की कोणती तक्रार करायची आहे’ असं विचारू नका. अर्ज अखंड ठेवा, दोन्ही बाजू नोंदवा, ज्या त्या यंत्रणेकडे पाठवा.

लैंगिक छळाचा अर्ज नेहमीच्या आवक रजिस्टरला चढवायचा नाही. ते रजिस्टर दिवसभरात दहा जण उघडतात. मी त्यासाठी वेगळी गोपनीय वही ठेवते. तीत क्रमांक, तारीख आणि लिफाफा कुणाला दिला एवढंच असतं. तक्रारदार, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो आणि साक्षीदार, या सगळ्यांची ओळख गुप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. ती फोडणाऱ्याला ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. चहाच्या टेबलावर प्रकरण पोचलं की साक्षीदार गळायला लागतात, हे मी पाहिलंय.

लिहिता न येणाऱ्या बाई आल्या तर लेखी अर्ज आणा म्हणून परत पाठवू नका. लिहायला मदत करणं ही समितीची जबाबदारी आहे. त्या सांगतील तसं, त्यांच्याच शब्दांत लिहा. ‘सदर इसमाने असभ्य वर्तन केले’ असं आपलं कार्यालयीन मराठी तिथे आणलं की मूळ बोलणं हरवतं आणि पुढे चौकशीत त्यांनाच विचारलं जातं, नेमकं काय म्हणाले? म्हणून काय म्हणाले, कुठे हात लावला, कोण जवळ होतं, ते तसंच उतरवा. मग वाचून दाखवा, दुरुस्त्या करा, सही किंवा अंगठा घ्या आणि एक प्रत त्यांच्या हातात द्या.

त्याच दिवशी पुरावा जपा. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं, म्हणून ते राखून ठेवण्याचं पत्र संध्याकाळच्या आत गेलं पाहिजे. त्या दिवसाचं मस्टर, बायोमेट्रिकची नोंद, वर्गाचं वेळापत्रक यांच्या प्रती काढा. व्हॉट्सअॅपचे संदेश असतील तर नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या आणि मूळ फोनमधून काही पुसू नका असं तक्रारदाराला सांगा.

लैंगिक छळाच्या तक्रारीच्या मुदती भिंतीवर लावण्याजोग्या आहेत. घटनेपासून, किंवा घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांत अर्ज. समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिन्यांपर्यंत. अर्ज आल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत त्याची प्रत समोरच्याला, आणि दहा कामकाजाच्या दिवसांत त्याचं उत्तर. चौकशी नव्वद दिवसांत, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल. अहवालावर कारवाई करायला मूळ कायदा साठ दिवस देतो, तर यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१५ चे विनियम तीस. मी तीसच धरते.

समिती कशी असावी

यूजीसीच्या विनियमांनुसार अध्यक्ष ज्येष्ठ प्राध्यापिका असते, कॉलेजात किमान सहयोगी प्राध्यापक पदाची. दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर, विद्यार्थी गुंतलेले असतील तर तीन निवडलेले विद्यार्थी, आणि एक बाहेरचा सदस्य. निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत. प्राचार्य आणि विभागप्रमुख समितीत बसू शकत नाहीत. अनेक कॉलेजांत पहिली चूक इथेच होते आणि तिच्यामुळे पुढचा सगळा अहवाल आव्हानाला उघडा राहतो. त्या दर्जाची प्राध्यापिका तुमच्याकडे नसेल तर त्याच संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजमधून घ्या. बाहेरचा सदस्य संस्थाचालकांचा नातलग किंवा संस्थेचा वकील नसावा. त्याला मानधन देण्याची तरतूद कायद्यात आहे, ते वेळेवर द्या. तक्रार थेट संस्थेच्या मालकाच्या जागी असलेल्या व्यक्तीविरुद्ध असेल तर जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीचा रस्ता आहे, तो तक्रारदाराला स्पष्ट सांगा.

चौकशीत घाई आणि चालढकल दोन्ही वाईट. २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखांच्या बडतर्फीचा आदेश रद्द केला. समितीने शेवटच्या टप्प्यात सुनावण्या इतक्या झपाट्याने उरकल्या होत्या की आपली बाजू मांडायची पुरेशी संधी त्यांना मिळाली नव्हती. प्रकरण पुन्हा समितीकडे गेलं. म्हणजे ज्यांनी तक्रारी केल्या त्यांच्यासाठी इतक्या वर्षांनी चौकशी पुन्हा उघडली. हे मी प्रत्येक नव्या समितीला पहिल्या बैठकीत सांगते. समोरच्याला कागदपत्रं द्या, वेळ द्या, प्रश्न विचारू द्या. दोघांना समोरासमोर बसवायची गरज नाही, प्रश्न लेखी घेऊन अध्यक्षांनी विचारावेत. वकील कुणालाच आणता येत नाही. अध्यक्ष धरून किमान तीन सदस्य हजर नसतील तर त्या दिवशीचं कामकाज करू नका. कुणी सलग तीन सुनावण्यांना सबळ कारणाशिवाय आलं नाही तर एकतर्फी निर्णय देता येतो, पण आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते.

समेट फक्त तक्रारदाराने मागितला तरच, चौकशी सुरू होण्याआधी, आणि पैशांच्या बदल्यात कधीच नाही. ‘सरांची निवृत्ती जवळ आली आहे, त्यांचं पेन्शन अडकेल’ हे वाक्य मी पुष्कळ भल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. त्यांचा हेतू वाईट नसतो. पण ऐकणाऱ्या बाईला त्यातून एवढंच कळतं की इथे आपलं ऐकलं जाणार नाही.

चौकशी चालू असताना तक्रारदाराच्या लेखी विनंतीवरून तिला किंवा समोरच्याला दुसरीकडे हलवता येतं, तिला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा देता येते, आणि तिचा गोपनीय अहवाल त्या व्यक्तीने लिहू नये असा आदेश काढता येतो. हा शेवटचा आदेश विसरू नका. विभागप्रमुखाविरुद्ध तक्रार असताना अहवाल त्याच्याच सहीने गेला, तर तिचं पुढचं सगळं सेवापुस्तक त्या छायेत राहतं.

ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोही तुमचाच कर्मचारी आहे. अहवाल येईपर्यंत त्याच्याशी कुणी गुन्हेगार ठरल्यासारखं वागू नये, आणि आरोप सिद्ध झाला नाही याचा अर्थ तक्रार खोटी होती असाही लावू नये. सिद्ध न होणं आणि जाणूनबुजून खोटं बोलणं यांत कायदा फरक करतो. बडतर्फ किंवा पदावनत झालेल्याला तीस दिवसांत विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणात अपील करता येतं, म्हणून आदेशात कारणं सविस्तर लिहा.

निकालानंतर

प्रकरण मिटलं म्हणून फाइल कपाटात गेली की सूड सुरू होऊ शकतो, आणि तो फार शांतपणे होतो. कार्यशाळेला नाव जात नाही, किरकोळ रजेवर शेरे येतात. तक्रारदार आणि साक्षीदार, दोघांच्याही रजा, वर्कलोड आणि समित्या मी पुढचं वर्षभर दर तिमाहीला तपासते आणि त्यांना एकांतात विचारते, काही बदललंय का. तासिका तत्त्वावरची शिक्षिका असेल तर पुढच्या वर्षीची निवड यादी अंतिम होण्याआधी मागवते. तिचं नाव नसेल तर विभागप्रमुखांनी गुण आणि कारणं लिहून द्यावीत, आणि ती प्राचार्यांनी वाचल्याशिवाय यादीवर सही होत नाही.

कॅलेंडर वर्ष संपलं की समितीचा वार्षिक अहवाल तयार करायचा. किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, नव्वद दिवसांवर किती रेंगाळल्या, जागृतीचे कार्यक्रम किती झाले आणि कारवाई काय झाली. तक्रार शून्य असली तरी अहवाल जातो. समितीची मुदत तीन वर्षांची असते. मुदत संपताना गोपनीय वही, सीलबंद लिफाफे आणि चालू प्रकरणांची यादी जुन्या अध्यक्षांनी नव्या अध्यक्षांकडे समक्ष द्यावी, दोघींच्या सह्या घ्याव्यात, आणि कपाटाची दुसरी किल्ली कुणाकडे आहे ते त्याच कागदावर लिहावं.