कामगार भरपाईच्या व्यवस्थांची तुलना: टक्केवारी मांडण्याआधी एक माणूस सगळीकडून फिरवून आणा

माझं काम जखमी कामगारांच्या दाव्यांचे आकडे वाचण्याचं. त्याआधी बरीच वर्षं मी गोदामांमध्ये जखमी माणसांना पुन्हा कामावर आणण्याचं बघत होते: डॉक्टरांशी बोलायचं, सुपरवायझरकडून हलकं काम मिळवायचं, विमा कंपनीच्या मागे लागायचं. आता वरिष्ठांकडून प्रश्न येतो तो असा: ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातली जखमी माणसं शेजारच्या क्वीन्सलँड राज्यापेक्षा उशिरा का रुजू होतात? प्रश्न रास्त आहे. पण दोन टक्केवाऱ्या शेजारी मांडून त्याचं उत्तर मिळत नाही, आणि घाईने दिलेल्या उत्तरावरून धोरणं ठरतात. कुणाचा पगार किती आठवड्यांनी कापायचा, हे त्यातूनच ठरतं. म्हणून ही तुलना कशी करावी ते सविस्तर लिहिते आहे. ज्यांना कंपनीसाठी, युनियनसाठी किंवा अभ्यासासाठी ती करायची आहे, त्यांच्या उपयोगी पडावं.

एक माणूस, एक खांदा

एक्सेल उघडण्याआधी एक काल्पनिक माणूस कागदावर मांडा. माझा नेहमीचा असा: वय 46, गोदामात काम, वरच्या रॅकवरून खोका काढताना उजव्या खांद्याचा स्नायू अर्धवट फाटला. चार दिवस घरी. पाचव्या दिवशी स्कॅनिंगच्या टेबलावर, रोज चार तास. तीन आठवड्यांनी खांदा पुन्हा धरला, मग शस्त्रक्रिया आणि पाच महिने घरी. शेवटी तो परतला, पण रॅकवर नाही, डिस्पॅचच्या कागदपत्रांवर.

आता हाच माणूस ज्या ज्या व्यवस्थांची तुलना करायची आहे, त्या प्रत्येकीत पाठवा आणि कुठल्या दिवशी त्याची कुठे, काय म्हणून नोंद होते ते लिहा.

न्यू साउथ वेल्समध्ये मालकाने 48 तासांत विमा कंपनीला कळवायचं असतं, आणि कळवल्यापासून सात दिवसांत तात्पुरते पैसे सुरू व्हायला हवेत. भरपाईची जबाबदारी विमा कंपनीची आहे का, हा निर्णय नंतर झाला तरी चालतो. म्हणजे आपला माणूस पहिल्या आठवड्यातच नोंदीत येतो. त्याचं पाचव्या दिवसाचं परतणं दिसतं आणि तीन आठवड्यांनी पुन्हा घरी बसणंही दिसतं.

व्हिक्टोरियात गैरहजेरीच्या पहिल्या दहा दिवसांचा पगार मालकाच्या खिशातून जातो, आणि उपचारांचा ठरावीक रकमेपर्यंतचा खर्चही. त्या मर्यादेत सगळं आटोपलं तर दावा विमा व्यवस्थेपर्यंत पोचतोच असं नाही. मग आपल्या माणसाचं पहिलं, चार दिवसांनंतरचं परतणं कुठेच नोंदलं जात नाही. तो आकड्यांत येतो तो दुसऱ्यांदा घरी बसल्यावर, पाच महिन्यांची लांब गैरहजेरी घेऊन. खांदा तोच, शस्त्रक्रिया तीच. एका राज्यात 'लवकर परतला, पुन्हा दुखावला' आणि दुसऱ्यात 'पाच महिने लागले'.

न्यूझीलंडमध्ये तो एसीसीकडे, म्हणजे सरकारी अपघात भरपाई महामंडळाकडे जातो. ही व्यवस्था 1 एप्रिल 1974 पासून चालू आहे आणि तिला अपघात कामावर झाला की घरी शिडीवरून पडून झाला याने फारसा फरक पडत नाही. दोन्ही तिच्याच अखत्यारीत. भरपाई पगाराच्या 80 टक्के. कामावरची दुखापत असेल तर पहिला आठवडा मालक देतो. इथे 'हे कामामुळे झालं की वयामुळे?' हा वाद ऑस्ट्रेलियाइतका जीवघेणा होत नाही. पण पूर्ण मिटत मात्र नाही, कारण झीज आणि अपघात यांच्यातली रेघ तिथेही ओढावीच लागते.

जर्मनीत पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो, त्यानंतर अपघात विम्याकडून भत्ता सुरू होतो. इथे एक गोष्ट नीट बघा. तिथे टप्प्याटप्प्याने कामावर येण्याची पद्धत आहे: दोन तास, मग चार, मग सहा. या काळात तो माणूस कायद्याने अजून 'कामास असमर्थ'च असतो आणि भत्ता घेत असतो. आपला माणूस स्कॅनिंगच्या टेबलावर चार तास बसला आहे. सिडनीत तो 'परतला', हॅम्बुर्गमध्ये तो अजून आजारी.

आणि नेदरलँड्समध्ये तर तो सापडणारच नाही. तिथे 1967 पासून कामावरची दुखापत आणि बाकीचं आजारपण असा भेदच भरपाईत नाही. मालकाला दोन वर्षं पगाराचे किमान 70 टक्के द्यावे लागतात, आणि परत आणण्याचे पुरेसे प्रयत्न केले नाहीत तर तिसऱ्या वर्षाचाही भार पडू शकतो. व्यवस्था म्हणून शिकण्यासारखी आहे, पण 'कामगार भरपाई'च्या तक्त्यात तिची ओळ मोकळीच राहणार. ती तशीच ठेवा. ओढूनताणून आकडा भरू नका.

या एका माणसाच्या फेरीला एक दिवस जातो. तो वाचवू नका. पुढच्या निम्म्या चुका इथेच टळतात.

मोजणीत आलंच कोण?

पुढचा प्रश्न भाजकाचा, म्हणजे टक्के नेमके किती आणि कुठल्या माणसांमधून काढले याचा. ऑस्ट्रेलियात अकरा मुख्य व्यवस्था आहेत: आठ राज्यं आणि टेरिटरींच्या, तीन केंद्राच्या. सेफ वर्क ऑस्ट्रेलिया ही तिथली सरकारी संस्था राष्ट्रीय आकडे देते तेव्हा 'गंभीर दावा' म्हणजे किमान एक कामाचा आठवडा पूर्ण गैरहजेरी असलेला, मंजूर झालेला दावा. मृत्यू आणि येण्याजाण्यातले अपघात त्यात धरत नाहीत. ही व्याख्या विचारपूर्वक केलेली आहे. क्वीन्सलँड घर ते कामाच्या वाटेवरचा अपघात भरपाईत धरतं, न्यू साउथ वेल्सने 2012 मध्ये तो बहुतांश कामगारांसाठी काढून टाकला, व्हिक्टोरियात रस्त्यावरच्या अपघातांना वेगळंच मंडळ आहे. ते न वगळता तुलना केली तर तुम्ही राज्यांची नव्हे, रस्त्यांची तुलना कराल. त्यामुळे कच्चा डेटा हातात आला की आधी वाटेवरचे दावे बाजूला करा.

अमेरिकेत हाच गोंधळ राज्यागणिक वेगळा. बहुतेक ठिकाणी पहिले तीन ते सात दिवस भरपाई मिळत नाही, आणि गैरहजेरी ठरावीक दिवसांपुढे गेली की ते दिवस मागाहून भरून मिळतात. कॅलिफोर्नियात तीन दिवसांची वाट, पण 14 दिवसांपेक्षा जास्त लांबलं की त्या तीन दिवसांचेही पैसे मिळतात. टेक्सासमध्ये खासगी मालकाला हा विमा घेणंच सक्तीचं नाही. ओहायो, वॉशिंग्टन, वायोमिंग आणि नॉर्थ डकोटात खासगी विमा कंपन्यांना जागाच नाही, सरकारी निधीच सगळं बघतो. 'अमेरिका' अशी एक ओळ तक्त्यात कुणी टाकली असेल, तर त्या तक्त्यावर विसंबू नका.

नोंदणी खरी आहे का, हे तपासायला एक सोपी चाचणी आहे: मृत्यूचा दर आणि साध्या दुखापतींचा दर एकमेकांशेजारी ठेवा. युरोपात तीन दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरीचे अपघात मोजतात. त्या आकडेवारीत रोमेनियाचा साध्या दुखापतींचा दर अगदी तळाला असतो आणि मृत्यूंचा दर वरच्या देशांमध्ये. मृत्यू लपवणं अवघड, मनगट मोडलेलं लपवणं सोपं. जिथे दुखापती कमी आणि मृत्यू जास्त दिसतात, तिथला 'कामावर परतले'चा आकडाही निवडक माणसांचा असतो.

'परतला' हे कुणी ठरवलं?

तीन वेगवेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलं जातं. एकदा तरी कामावर गेला का? आज कामावर आहे का? आणि भरपाईचे पैसे थांबले का?

ऑस्ट्रेलियाच्या 2018 च्या राष्ट्रीय पाहणीत पहिल्या प्रश्नाला 'हो' म्हणणारे 91.6 टक्के होते, दुसऱ्याला 81.5 टक्के. मधली ही दहा टक्के माणसं म्हणजे आपल्या खांदेवाल्यासारखी: गेली, पण टिकली नाहीत. त्यांची दखल घ्यायलाच हवी. मी त्यांच्याशी बोलले आहे. घाईने पाठवलेला माणूस दुसऱ्यांदा घरी बसतो तेव्हा त्याचा सुपरवायझरवरचा आणि स्वतःच्या शरीरावरचाही विश्वास गेलेला असतो, आणि तो परत मिळवायला पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. तुलनेत एकच आकडा देता येणार असेल तर दुसरा द्या. शक्य असेल तर सलग तीन महिने टिकलेल्यांचा द्या, आणि तेच काम की वेगळं, तोच मालक की दुसरा, तास आणि पगार पूर्वीइतका की कमी, हेही सोबत.

तिसरी व्याख्या सगळ्यात घातक, कारण ती सगळ्यात सोपी. सरकारी डेटात पैसे कधी थांबले हे नेमकं असतं. माणूस कुठे गेला हे नसतं. आता कायदे बघा. दक्षिण ऑस्ट्रेलियात 1 जुलै 2015 पासूनच्या कायद्याने, अतिगंभीर जखमी सोडले तर, 104 आठवड्यांनी उत्पन्नाची भरपाई बंद होते. न्यू साउथ वेल्समध्ये 2012 च्या बदलांनी 260 आठवड्यांची मर्यादा आली. कायमचं अपंगत्व 20 टक्क्यांपेक्षा जास्त असेल तरच त्यापुढे. पहिला मोठा गट 2017 च्या अखेरीस त्या मर्यादेला येऊन बाहेर पडला. बाहेर पडले म्हणजे कामावर गेले असं धरलं, तर सगळ्यात कठोर कायदा सगळ्यात यशस्वी दिसेल. काही जण सरकारी मदतीवर जातात, काही जण घरच्यांच्या कमाईवर.

यावर उपाय म्हणजे आलेख. आडव्या रेषेवर दुखापतीपासूनचे आठवडे, उभ्या रेषेवर अजून भरपाई घेणाऱ्यांचं प्रमाण. मग त्या राज्याच्या कायद्यातले टप्पे उभ्या रेघांनी आखा. व्हिक्टोरियासाठी 13 आणि 130 (पहिले 13 आठवडे पगाराच्या 95 टक्के, मग 80, आणि 130 नंतर नवी कसोटी). दक्षिण ऑस्ट्रेलियासाठी 52 आणि 104. कॉमकेअर या केंद्राच्या व्यवस्थेसाठी 45, कारण तिथे 45 आठवड्यांनी पूर्ण पगारावरून 75 टक्क्यांवर येतात. आलेखाची रेघ हळूहळू उतरत असेल तर ते बहुधा बरं होणं आहे. कायद्याच्या रेघेवरच ती एकदम कोसळत असेल तर ते कायद्याचं काम आहे. सरासरी दिवसांचा एक आकडा हे कधीच दाखवत नाही. सरासरी काढायचीच असेल तर मध्यक (सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) घ्या, आणि सगळ्या व्यवस्था एकाच आठवड्यावर कापा. 104 बहुतेकांना चालतो, कारण त्यापुढे दक्षिण ऑस्ट्रेलियाचा डेटाच विरळ होतो.

माणसं आणि कामं सारखी आहेत का?

कॉमकेअरमध्ये केंद्र सरकारचे कर्मचारी भरपूर, पश्चिम ऑस्ट्रेलियात खाणी. वय, लिंग, उद्योग आणि दुखापतीचा प्रकार सारखा करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. हे सगळ्यांना माहीत असतं. कमी बोललं जातं ते हलक्या कामाबद्दल. कार्यालयातल्या माणसाला आठवड्यात तीन अर्धे दिवस बोलावता येतं. दूरच्या खाणीवर विमानाने जाऊन बारा-बारा तासांच्या पाळ्या करणाऱ्याला अर्धा दिवस कसा देणार? तिथे टप्प्याटप्प्याने परतणं हा पर्यायच नसतो. एक तर पूर्ण बरा, नाहीतर घरी. तसंच मोठ्या, स्वतःचा विमा स्वतः चालवणाऱ्या कंपन्यांकडे दुसरं काम शोधायला शंभर जागा असतात, सहा माणसांच्या कारखान्यात एकही नसते. उपलब्ध असेल तर कंपनीचा आकारही हिशोबात घ्या.

मानसिक दुखापती पूर्ण वेगळ्या काढा. ऑस्ट्रेलियात 2020-21 मध्ये अशा दाव्यांत वाया गेलेला मध्यक काळ सगळ्या दाव्यांच्या चौपटीहून जास्त होता. न्यूझीलंडची एसीसी मात्र कामावरची निव्वळ मानसिक इजा फक्त अचानक घडलेल्या भयंकर प्रसंगातूनच मानते. महिनोन्‌महिने चाललेला छळ तिच्या कक्षेत येत नाही. हे दावे मिसळून ठेवले तर न्यूझीलंड आपोआप पुढे दिसतं, आणि ज्यांना तिथे दारच उघडलं गेलं नाही ती माणसं कुठेच दिसत नाहीत.

तारखा

दावे दुखापतीच्या तारखेने लावा, बंद होण्याच्या तारखेने नको. व्हिक्टोरियाने 31 मार्च 2024 पासून ताण आणि बर्नआउटचे बरेचसे दावे बाहेर काढले. पश्चिम ऑस्ट्रेलियात 1 जुलै 2024 पासून भरपाईतली कपात 13 ऐवजी 26 आठवड्यांनी लागते. या तारखांच्या दोन्ही बाजूंचे दावे एकाच ओळीत टाकले तर कुठल्या कायद्याचं मोजमाप केलं ते सांगता येणार नाही.

तक्ता करताना

प्रत्येक व्यवस्थेसमोर टक्क्याआधी पाच रकाने ठेवा: गैरहजेरीच्या कितव्या दिवसापासून नोंद, पहिले दिवस कुणाच्या खिशातून, वाटेवरचे अपघात धरले का, पैसे कधी कमी होतात, कधी थांबतात. टक्के शेवटच्या रकान्यात. वाचणाऱ्याची नजर डावीकडून तिथे पोचेपर्यंत त्याला बरंचसं उमगलेलं असतं, आणि बैठकीत 'ते राज्य आपल्यापेक्षा चांगलं' हे वाक्य निदान जरा उशिरा येतं.

पाहणीचे आकडे वापरत असाल तर फोन कुणी उचलला नाही तेही विचारा. ज्याला इंग्रजी जमत नाही, ज्याचा नंबर बदलला, ज्याला विमा कंपनीच्या प्रत्येक फोनची धास्ती बसली आहे, तो उत्तर देणाऱ्यांमध्ये कमी असतो आणि न परतलेल्यांमध्ये जास्त. अशांसाठी मी एक सहावा रकाना ठेवते, 'ठावठिकाणा माहीत नाही'. वरून कितीही आग्रह झाला तरी ती संख्या 'परतले'मध्ये मिसळू देत नाही. तुम्हीही देऊ नका.