फ्लोट आणि अलाइनमेंट: या चुका टाळा, नाहीतर हार्डफॉल्ट ठरलेला

मायक्रोकंट्रोलरवर ४ बाइटचा फ्लोट (दशांश संख्या) मेमरीत ४ च्या पटीतल्या पत्त्यावर असणं म्हणजे अलाइनमेंट, आणि ती चुकली की प्रोसेसर हार्डफॉल्ट (गंभीर एरर) देऊ शकतो. तरी बफरमधून थेट फ्लोट उचलणे, ही चूक मी इतक्यांदा बघितलीये की आता कोणाचाही कोड रिव्ह्यूला आला की आधी पॉइंटर कास्टच शोधतो. यूआर्टवर (सिरियल पोर्टवर) बाइट आले, अमुक बाइटपासून तापमान आहे, मग त्या पत्त्याला फ्लोट पॉइंटर म्हणून कास्ट केलं ('इथे फ्लोट आहे' असं कंपायलरला सांगितलं) आणि वाचलं. एका ओळीत काम, आणि चालतंही. चालतं हीच तर भानगड आहे.

आमचं असंच झालं. कॉर्टेक्स-एम३ (एआरएमचा मायक्रोकंट्रोलर प्रोसेसर) वर दोन वर्षं बिनबोभाट चाललेला कोड एफपीयू (फ्लोटचं गणित करणारं हार्डवेअर) असलेल्या कॉर्टेक्स-एम४ वर नेला. टेबलावर सगळं मस्त, पण साइटवर बोर्ड चालू केला की साधारण एका मिनिटात रिसेट, परत एक मिनिट, परत रिसेट. एवढं घड्याळ लावल्यासारखं होतंय म्हटल्यावर सगळे वॉचडॉगच्या (कोड अडकला की रिसेट करणारा टायमर) मागे लागले, मग पॉवर सप्लायच्या, कोणीतरी कपॅसिटर पण बदलून टाकले. तिसऱ्या दिवशी मी फॉल्ट हँडलरमध्ये सीएफएसआर रजिस्टर (फॉल्टचं कारण सांगणारं) आणि स्टॅकवरचा पीसी (फॉल्ट झाला त्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता) रिसेटला न पुसल्या जाणाऱ्या रॅममध्ये ठेवून दिले. बिट २४ सेट, म्हणजे अनअलाइन्ड अ‍ॅक्सेस, आणि पीसी एका व्हीएलडीआर (एफपीयूमध्ये फ्लोट लोड करणाऱ्या) इन्स्ट्रक्शनवर. झालं असं की रिंग बफरमध्ये (शेवटाला पोचला की परत सुरुवातीपासून भरणारा बफर) येणारे आमचे पॅकेट १२ नाहीतर १६ बाइटचे, त्यामुळे फ्लोट कायम ४ च्या पटीतल्या पत्त्यावर पडायचा. पण साइटवर अजून एक मॉड्यूल जोडलेलं होतं, ते दर मिनिटाला ७ बाइटचा हार्टबीट पाठवायचं, टेबलावर ते नव्हतंच. पहिला हार्टबीट आला की पुढचं सगळं सरकलं. एम३ वर एफपीयू नाही, तिथे फ्लोट साध्या एलडीआरने (नेहमीच्या लोड इन्स्ट्रक्शनने) वाचला जायचा आणि त्याला वाकडा, म्हणजे ४ च्या पटीत नसलेला पत्ता चालतो. व्हीएलडीआरला चालत नाही. कॉर्टेक्स-एम० तर असला पत्ता अजिबात घेत नाही, पहिल्याच वेळेला फॉल्ट, आणि मला विचाराल तर तेच बरं.

मी आता डोळे झाकून मेमकॉपी (बाइट जसेच्या तसे कॉपी करणारं सी फंक्शन) वापरतो. आधी पॅकेट रिंगमधून सरळ बफरमध्ये काढतो, मग ४ बाइट लोकल फ्लोटमध्ये कॉपी. 'पण मेमकॉपी स्लो असतं ना' असं नवीन पोरं लगेच म्हणतात, अरे आधी डिसअसेंब्ली उघडून बघ, ऑप्टिमायझेशन चालू असेल तर ४ बाइटच्या मेमकॉपीचा कंपायलर बहुतेक वेळा एकच लोड करतो. आणि ऑप्टिमायझेशन बंद करून बग 'गेला' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

स्ट्रक्टला पॅक्ड ('मेंबरांमध्ये रिकामी जागा सोडू नको') लावलं की सुटलो, असंही नाही. स्ट्रक्टमधूनच मेंबर वाचला तर कंपायलर काळजी घेतो, पण त्याच मेंबरचा पत्ता काढून फ्लोट पॉइंटर घेणाऱ्या फंक्शनला दिला की तिथे पॅक्डची माहितीच उरत नाही. जीसीसी कंपायलरमध्ये ९ व्या आवृत्तीपासून याची वॉर्निंग येते. ती बंद करू नका हो.

दुसरी आवडती चूक म्हणजे बाइट ऑर्डर (संख्येचे बाइट कुठल्या क्रमाने येतात ते) १.० पाठवून तपासणे. १.० चे बाइट ३एफ ८० ०० ००, अर्धे शून्यच. उलटसुलट झाले तर ४.६ गुणिले १० चा उणे ४१ वा घात असलं काहीतरी मिळतं, '%f' ने छापलं की दिसतं ०.०००००० आणि माणूस म्हणतो सेन्सर डेटाच पाठवत नाहीये. मी कायम १२३.४५६ पाठवतो, ४२ एफ६ ई९ ७९, चारही बाइट वेगळे, कोण कुठे गेला ते हेक्स डंपमध्ये लगेच कळतं. मॉडबसवर (कारखान्यातल्या उपकरणांचा प्रोटोकॉल, त्यात डेटा २ बाइटच्या रजिस्टरमध्ये येतो) तर हे हवंच, कारण रजिस्टरमधले दोन बाइट कसे येणार ते ठरलेलं आहे पण फ्लोटची दोन रजिस्टर कुठल्या क्रमाने येणार ते नाही, ज्याने त्याने आपापलं ठरवलंय. मॅन्युअलवर विश्वास ठेवू नका, डंप बघा.

बाकीच्या पटापट:

बाइट, फ्लोट, बाइट असा स्ट्रक्ट १२ बाइटचा होतो, फ्लोट आधी घेतला तर ८. साइझऑफवर स्टॅटिक असर्ट (साइज चुकला तर कंपाइलच होऊ न देणारी तपासणी) टाका.

पॅडिंगसकट (अलाइनमेंटसाठी कंपायलरने सोडलेल्या रिकाम्या जागेसकट) स्ट्रक्टवर सीआरसी (डेटा बिघडला का ते तपासायचा आकडा) काढू नका, पॅडिंगमध्ये काहीही कचरा असतो.

एम४ चा एफपीयू फक्त सिंगल प्रिसिजनचा आहे. ०.१ च्या पुढे एफ लावायला विसरलात की ते डबल, सगळं गणित सॉफ्टवेअरमध्ये, आणि मग कंट्रोल लूपची वेळ का चुकते म्हणून आरटीओएसला (टास्क चालवणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमला) शिव्या.

टास्कमध्ये फ्लोट वापरायला लागलात की स्टॅक वाढवा, इंटरप्ट आला की एक्सेप्शन फ्रेम (प्रोसेसर स्टॅकवर जपून ठेवतो ती रजिस्टरं) ३२ बाइटऐवजी किमान १०४ बाइटची होते.

आणि एखाद्याच टास्कमध्ये प्रिंटएफ इंटिजर नीट छापतोय पण फ्लोट भलतेच येतायत, तर लायब्ररी बदलायच्या आधी त्या टास्कच्या स्टॅकचा पत्ता बघा. तो ८ च्या पटीत लागतो, आणि कोणीतरी हाताने बाइटचा अ‍ॅरे देऊन ठेवलेला असतो, त्याचा पत्ता ८ च्या पटीत असेलच असं नाही.