फेरेट, दवाखाना आणि एक जुना पायमोजा

एप्रिलातली दुपार, रिक्षा नळस्टॉपला अडकलेली आणि मांडीवरच्या पिशवीत बंडू आणि छबी, माझे दोन्ही फेरेट (मुंगसासारखे दिसणारे पाळीव प्राणी), तोंड उघडून धापा टाकतायत. कशीबशी दवाखान्यात पोचले. दीड तास कुत्र्यांच्या भुंकण्यात बसल्यावर डॉक्टर विचारतात, "मुंगूस पाळलंय का?" तेवढ्यात बंडूने नाकाने पिशवीची चेन सरकवली आणि थेट औषधांच्या कपाटाखाली!

फेरेटला घाम येत नाही. पारा ३० अंशांच्या पुढे गेला की उष्माघाताची भीती. चूक माझीच होती.

आता आधी फोनवरच विचारते, "फेरेट तपासता का? डिस्टेंपरची लस कोणती देता?" (डिस्टेंपर म्हणजे फेरेटचा जीवघेणा विषाणूजन्य आजार.) समोरचा अडखळला की फोन ठेवते. वेळ सकाळची, पहिलीच. पाण्याची बाटली रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून सकाळी जुन्या पायमोज्यात घालायची. दोघं तिला बिलगून झोपतात. चेनला सेफ्टी पिन. उपाशी मात्र नेत नाही, यांचं पोट तीन-चार तासांतच रिकामं होतं.

सुई टोचताना मानेमागची सैल कातडी धरून उचललं की बंडू चक्क जांभई देतो. छबीला मात्र चिकनचं सूप चाटवावं लागतं, तेही बिनमिठाचं आणि कोमटच.